खोबरेल थिजण्याचे दिवस

वसईची थंडी हा थट्टेचा विषय आहे. घाटावरचे पाहुणे आले की हसतात. सकाळी सहाला आम्ही स्वेटर घालतो, नऊला काढून खांद्यावर टाकतो आणि दुपारी पंख्याखाली बसून "यंदा थंडी बरी आहे हां" असं एकमेकांना सांगतो. पण आमच्या घरात एक वस्तू आहे जी या थंडीला पुरेपूर मान देते. न्हाणीघराच्या फळीवरची खोबरेलाची बाटली. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी ती उलटी धरली तरी थेंब पडत नाही. आत सगळं पांढरं आणि घट्ट. बायको ती उचलून ओटीवरच्या उन्हात ठेवते, तासाभरानं परत आत नेते. तिच्या दृष्टीनं काम संपलं. मी मात्र त्या तासात ओटीवर बसत नाही. उगाच कुंड्यांतली वाळकी पानं काढत हिंडतो.

आज बाटली थिजली. आणि नेमका रविवार, म्हणजे दहाच्या सुमाराला विल्सन येणार.

विल्सन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्थाचा नवरा. दोघं एव्हरशाईन सिटीत राहतात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात लाकडाचं एक ढलपंही नाही, पण दर वर्षी नाताळाच्या आधी एका रविवारी तो आमच्या वाडीत लाकडं फोडायला येतो. नाताळचं तळण आम्ही अजूनही अंगणातल्या चुलीवर करतो. विल्सन शर्ट काढून बनियनवर येतो, पडवीतली कुऱ्हाड घेतो, आणि थोड्या वेळानं घाव ऐकू यायला लागतात. एक घाव, मग जरा उसंत, मग लागोपाठ दोन. ही बाबांची पद्धत. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. नाक त्यांचं घेतलं, टक्कल त्यांचं घेतलं, रक्तातली साखरही त्यांचीच. घाव मात्र विल्सनकडे गेला.

साठीला टेकलेल्या, जन्मभर शाळेत मुलांना 'दुसऱ्याचा हेवा करू नये' असं सांगितलेल्या मास्तरानं हे लिहावं का? मला स्वतःलाच हा प्रश्न पडतो. पडू दे. मी हेवा करतो, पंचवीसेक वर्षं नेमानं करत आलोय, आणि थंडी पडली की तो नव्यानं वर येतो.

आमच्याकडे लाकूडतोडीचे दिवस म्हणजे आगमनकाळ, नाताळाआधीचे चार आठवडे. चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड येतं, रविवारामागून रविवार एकेक मेणबत्ती वाढते, आणि लग्नं बंद असतात. नाताळ उलटला की मात्र लग्नांची रांग लागते. म्हणून या चार आठवड्यांत आळीत कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवणावळीसाठी लाकडं फोडणं चालू असायचं. दूरवरून घाव ऐकून माणसं सांगायची, हा अमक्याचा मुलगा, हा तमक्याचा जावई. केळीच्या बागांमधून तो आवाज फिरत यायचा. चिंचेचं लाकूड फोडलं की हवेत किंचित आंबट वास राहतो. इतरांना तो येत नाही म्हणतात, मला येतो.

बाबा आळीतले नावाजलेले लाकूडफोडे. धंद्यानं नव्हे, आमची पानवेलीची आणि केळीची वाडी होती. पण गाठीचं लाकूड असलं की बोलावणं यायचं ते बाबांना. ते आधी ओंडक्याभोवती एक फेरी मारायचे, बुटाच्या टोकानं त्याला जरा हलवायचे, मग मुकाट्यानं एका जागी घाव घालायचे आणि ओंडका उकलायचा. कुठं मारायचं हे त्यांना कसं कळायचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकूणच ते कमी बोलत. "जेवलास?" "दिवा लाव." "पुढचं घे." हे शेवटचं लाकडं फोडताना. मी एखादा ओंडका नीट फोडला की ते त्याच्याकडे पाहायचे, माझ्याकडे नाही, आणि म्हणायचे, "पुढचं घे."

आणि बाबा डावरे होते. पंगतीत त्यांचं कोपर शेजारच्याला लागायचं म्हणून त्यांना कायम टोकाला बसवायचे. क्रूसाची खूण तेवढी ते उजव्या हातानं करत, ती त्यांच्या आईनं धाक घालून शिकवलेली. डावऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून कुऱ्हाड शिकता येत नाही, सगळं उलटं पडतं. म्हणून मी समोर उभा राहायचो. समोरून बघितलं की त्यांचा डावा हात माझ्या उजव्यासमोर यायचा, आरशात आल्यासारखा, आणि जमायचं. तेही चार हातांवरून. "जवळ येऊ नको, ढलपी उडेल." झाड आडवं कापायला दोघांनी ओढायची मोठी करवत होती, तीही समोरासमोर बसूनच ओढायची. बाबांकडून मी जे काही शिकलो ते असं, मध्ये एक झाड ठेवून.

फजित्याही कमी झाल्या नाहीत. एकदा माझ्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि भिरभिरत जाऊन बावखलात पडलं. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं गोड्या पाण्याचं तळं. बाबांनी मला काही विचारलं नाही. कपडे काढले, पाण्यात उतरले आणि तिसऱ्या बुडीला पातं घेऊन वर आले. मग नव्या दांड्यात पाचर ठोकून कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, लाकूड फुगून पातं घट्ट बसावं म्हणून. सकाळी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पुढचं घे." एवढंच. मला तेव्हा ते पुरत असे.

माझं लग्न ठरलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीला. मुहूर्त नाताळ आणि नवं वर्ष यांच्यामधला. त्या पावसाळ्यात आमच्या बावखलाच्या काठावरची जुनी चिंच आडवी झाली होती, आणि सगळ्यांनी ती माझ्या लग्नासाठीच पडली असं मानून टाकलं होतं. मीही. चिंचेसारखं जिद्दी लाकूड नाही. ते मी फोडणार, सगळी आळी बघणार, बाबा बघणार, असं माझ्या डोक्यात महिनोन्‌महिने चालू होतं.

पण आमच्या आळीची एक रीत होती. चर्चमध्ये लग्नाची पहिली घोषणा झाली की नवऱ्या मुलानं धारेच्या वस्तूला हात लावायचा नाही. कुऱ्हाड नाही, कोयता नाही, विळीसुद्धा नाही. कुणाच्या तरी आज्याच्या काळात एका नवऱ्या मुलानं लग्नाच्या आठवड्यात अंगठीचं बोट तोडून घेतलं होतं म्हणे. मी ही रीत विसरून गेलो होतो. आई विसरली नव्हती. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी मी कुऱ्हाडीला धार लावायला बसलो तर तिनं माझ्या पुढून कानस उचलली.

"ठेव ते. बोट गेलं तं अंगठी काय नाकात घालशील?"

"मग चिंच कोन फोडनार?"

"घरात जावय नाय का?" आई म्हणाली.

इथं विल्सन आला. मार्थाशी त्याचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेला, वडील तो बालवाडीत असतानाच गेलेले, वालीवच्या एका कारखान्यात फिटर. हसरा. कुठलंही बंद पडलेलं यंत्र त्याच्यासमोर ठेवलं की त्याचे डोळे चमकायचे. तो आला तोच मोटरसायकलच्या मागं पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी बांधून. पोतं सोडलं तर आत साखळीची करवत. पेट्रोलवर चालणारी, केशरी रंगाची, पातं हातभर लांब. पूर्वेला इमारती उठत होत्या, तिथं झाडं तोडणाऱ्या कुणा कंत्राटदारानं ती मोडीत काढलेली. विल्सननं महिनाभर खपून ती जिवंत केली होती. आळीत सगळे तिला 'कटर' म्हणायला लागले.

"दादा, तुम्ही आता टेन्शन घेऊच नका," तो मला म्हणाला. "बसा आरामात. तुमची चिंच दोन रविवारात साफ."

माझ्यासाठी अंगणात खुर्ची आली. बाबांच्या खांद्यात त्या वर्षी दुखणं बसलं होतं, म्हणून त्यांच्यासाठीही आली. बापलेक शेजारी शेजारी खुर्च्यांत बसलोय असं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

कटर चालू करायला तिची दोरी ओढावी लागायची. विल्सननं ओढली, ती फुर्र करून बसली. परत ओढली. दहा वेळा, पंधरा वेळा. शेजारचा पास्कूमामा कुंपणाला रेलून सल्ले देत होता. "अरे, तिला उतारावर ने. मोटरसायकल चालू करतात तशी ढकलून बघ." विसाव्या वेळेला दोरीच तुटून विल्सनच्या हातात आली. मी हसलो नाही, पण आतून फार बरं वाटलं. हे सुख पाव तास टिकलं. त्यानं आईची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी कापली, आत कुठंतरी ओवली, ओढली, आणि बावखलावरचे सगळे बगळे एकदम उडाले.

त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, फक्त बघायचं. बाबा आणि मी अर्धा दिवस करवत ओढून जेवढं कापलं असतं तेवढं विल्सननं चहा थंड व्हायच्या आत कापलं. तो ओंडके उभेही चिरत होता, म्हणजे कुऱ्हाडीला काही कामच उरलं नव्हतं. कटर थांबली तेव्हा बाबा खुर्चीतून उठले, ओंडक्याजवळ गेले आणि कापलेल्या जागेवरून हात फिरवला.

"लोन्यासारखं कापलंय," ते म्हणाले. मग वळून, "शाब्बास, जावयबापू."

शाब्बास. हा शब्द बाबांना येत होता तर. इतकी वर्षं मला वाटायचं की तो त्यांच्याकडे नाहीच.

कटरमध्ये साखळीला वेगळं तेल लागायचं, आणि विल्सन त्यात कारखान्यातलं काळं तेल घालायचा. त्याचे थेंब उडून बावखलाच्या पाण्यावर रंगीत तवंग आला. ते पाणी पानवेलीला जायचं. बाबा म्हणाले, "तेवडं काळं तेल नको, बापू. आपलं खोबरेल घ्या ना. घरात डबा भरलाय." विल्सन खूश झाला. आणि खरंच, नोव्हेंबर संपता संपताच्या उन्हात खोबरेलावर कटर सुरेख चालली. चिंचेचा भुसा आणि तापलेलं खोबरेल, आळीभर असा वास सुटला की पास्कूमामा विचारायला लागला, "करंज्या इतक्या लवकर काढल्या?"

मला एक काम मिळालं. शनिवारी संध्याकाळी कटरमध्ये तेल भरून ठेवायचं, म्हणजे रविवारी विल्सनला लगेच सुरुवात करता येईल. धारेला हात लागत नाही, नवऱ्या मुलाला चालेल असं काम, असं आईच म्हणाली. मी, ज्यानं चिंच फोडायची, तो दुसऱ्याच्या यंत्राला तेल भरत होतो. झाकण उघडायचं, डब्यातून तेल ओतायचं, झाकण लावायचं. हाताला वास राहायचा तो जेवतानाही येत राहायचा.

हेव्याची एक गोष्ट कुणी नीटशी सांगत नाही. तो माणसाला फार नजर देतो. त्या दिवसांत मला विल्सनचं सगळं दिसायचं. तो बाबांच्या ताटातली मिरची न विचारता उचलायचा. बाबा त्याच्या मोटरसायकलवर हात ठेवून बोलत उभे राहायचे, म्हणजे तो बोलायचा आणि ते मान हलवायचे, पण पंधरा मिनिटं. आई त्याच्यासाठी माशाची डोकी काढून ठेवायची, जी आजवर माझी होती. त्याला वडील नव्हते हे मला मान्य आहे. म्हणून त्यानं माझे घ्यावेत असं कुठं लिहिलंय?

नाताळाला दहाएक दिवस असताना थंडी पडली. रविवारी सकाळी उठलो तर बावखलावर धुकं होतं आणि आई ओटीवर बाटली उलटी करून हलवत होती.

"बघ रं, दगड झालाय तेलाचा," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि उन्हात ठेवली. ठेवताना मला पडवीतली कटर आठवली. तिच्या पोटातलं कालचं तेल आठवलं, तेही असंच थिजलेलं असणार, साखळीपर्यंत पोचणार नाही. अगदी स्पष्ट आठवलं, कसलाही गोंधळ नव्हता. एक भांडं गरम पाणी घेऊन गेलो असतो तरी भागलं असतं.

तेवढ्यात विल्सनची मोटरसायकल वाजली. त्यानं हेल्मेट काढलं, हातावर हात चोळले आणि विचारलं, "दादा, तेल भरलंय ना?"

"भरलंय," मी म्हटलं. "काठोकाठ."

हे वाक्य खरं होतं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. मला त्याचं वाईट व्हायला नको होतं. मला फक्त त्याची फजिती हवी होती, थोडीशी, बाबांसमोर.

कटर पहिल्याच ओढीला चालू झाली. विल्सननं पातं चिंचेच्या बुंध्यात घातलं, सगळ्यात जाड जागी. थोडा वेळ नेहमीसारखं चाललं. मग आवाज बदलला, किरकिरा झाला. लाकडातून धूर यायला लागला. "खोबरं करपतंय कुनाचं तरी," पास्कूमामा म्हणाला. विल्सननं पातं बाहेर काढायच्या ऐवजी आणखी दाबलं, आणि साखळी तुटली. तुटताना ती चाबकासारखी बाहेर आली. विल्सन मागं पडला. त्याच्या पॅन्टचा गुडघा फाटला होता आणि आतून रक्ताची बारीक रेघ उतरत होती.

मार्था घरातून किंचाळत धावली. मी खुर्चीतून उठलो. जखम खोल नव्हती. हळद दाबली, फडकं बांधलं, थांबली. पण ती चार बोटं वर लागली असती तर काय झालं असतं, हे मी त्या क्षणी पाहिलं आणि अजून पाहतो.

"माझीच चूक," विल्सन म्हणाला. "जास्तच दाबलं मी."

बाबा कटरजवळ उकिडवे बसले, तिला उलटसुलट करून पाहिलं आणि उठले. साखळी नाताळानंतरच मिळणार होती. लग्न दोन आठवड्यांवर, आणि अर्धी चिंच तशीच पडलेली.

बाबांनी पडवीतून कुऱ्हाड आणली. दुसऱ्याच घावाला त्यांचा खांदा धरला आणि ते दात आवळून उभे राहिले. मी पुढं झालो. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं ना! मी कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला आणि आई ओटीवरून ओरडली, "हात नको लावू! बस तू!" सगळ्या आळीदेखत. मी बसलो.

मग फडकं बांधलेला विल्सन लंगडत आला आणि म्हणाला, "बाबा, द्या. मी ट्राय करतो."

त्यानं आयुष्यात कुऱ्हाड धरलेली नव्हती. पहिला घाव चिंचेवरून उडाला, हाताला झिणझिण्या आल्या, कुऱ्हाड खाली पडली. पास्कूमामा पोट धरून हसला. माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला. विल्सननं कुऱ्हाड परत उचलली, आणि बाबा एकदम म्हणाले, "थांब!"

ते त्याच्या हातांकडे पाहत होते. डावा पुढं, उजवा मागं.

"अरे, तू डावरा?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात असा आनंद मी कधी ऐकला नव्हता. "पास्कू, बघ रं, ह्यो डावरा हाय!"

जावयबापूचं 'तू' झालं ते तिथं. बाबा त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. अगदी चिकटून. दोन्ही बाजूंनी हात पुढं घेऊन त्यांनी त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि कुऱ्हाड चारी हातांनी वर गेली. एक घाव. मग उसंत. "आता दोन," बाबा म्हणाले, त्याच्या कानाशी. चिंच कडकडली आणि उकलली.

मी चार हातांवर खुर्चीत होतो. माझे हात मांडीवर, स्वच्छ. मी यंत्र बंद पाडलं होतं, आणि त्या बदल्यात विल्सनला काय मिळालं ते समोर बसून बघत होतो. बाबा माझ्या मागं कधी असे उभे राहिले नव्हते. उभे राहिले असते तरी उपयोग नव्हता, माझा हात उजवा. हे मला समजत होतं. समजून काहीही फरक पडत नव्हता.

पुढचे दहा दिवस विल्सन कामावरून सुटला की थेट येऊन दिवेलागणीपर्यंत लाकडं फोडायचा. त्याच्या तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. माझ्या लग्नाच्या फोटोत तो वऱ्हाडात उभा आहे, सूट, टाय आणि दोन्ही हातांना पट्ट्या. जेवण उत्तम झालं. लोक म्हणत होते, विस्तव कसा एकसारखा लागलाय, लाकूड चांगलं फोडलंय. मी नव्या बायकोशेजारी बसून हसत हसत हे ऐकत होतो.

कटर त्यानं दुरुस्त केलीच नाही. साखळी आणायचं राहून गेलं, मग एके दिवशी कुणाला तरी देऊन टाकली. कुऱ्हाडीचीच गोडी लागली होती त्याला. दर डिसेंबरात तो यायचा. माझ्या हातावरची बंदी लग्नाबरोबर उठली होती, त्यामुळे अंगणात आम्ही दोघंही फोडायचो, तो एका बाजूला, मी एका बाजूला, आणि बाबा मध्ये खुर्ची टाकून. खुर्चीचं तोंड त्याच्याकडे. "मनगट सोड." "खाली बघ, गाठ हाय." "हां, शाब्बास." माझ्याकडे पाठ. मला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ते वळून बघत नसत, हे आज लिहिताना सुचतं. तेव्हा फक्त पाठ दिसायची.

शेवटच्या वर्षी बाबांना दिसेनासं झालं होतं. खुर्चीत शाल पांघरून बसायचे. आम्ही दोघं फोडत असताना ते आवाजावरून ओळखायचे. मी मुद्दाम एकदा विल्सनची लय धरून मारलं. एक, उसंत, दोन. बाबांनी मान वळवली नाही. म्हणाले, "विल्सन, तू जरा बस आता. ह्याला ह्याच्या चालीनं मारू दे." त्यांना फसवता आलं नाही, याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आज विल्सन आला, फोडून झालं, आणि आम्ही दोघं लाकडांच्या ढिगावर चहा घेऊन बसलो. त्याचेही केस पिकलेत. गुडघ्यावरचा व्रण अर्ध्या पॅन्टखालून दिसत होता. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. वयानं असेल, तोंडातून गेलं.

"विल्सन, त्या वर्षी कटर तुटली ना. आत तेल थिजलेलं होतं. मला सकाळीच माहीत होतं."

तो चहात पाव बुडवत होता. तो त्यानं खाल्ला.

"मला पण माहीत आहे, दादा."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. संध्याकाळी बाबा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले होते, तेव्हा बोलले. त्यांनी झाकण उघडून बघितलेलं."

"काय म्हणाले?"

विल्सननं कप खाली ठेवला आणि बाबांच्या बोलीत, बाबांसारखंच थांबत थांबत सांगितलं. "'तो मनाचा वाईट नाय. त्याला एकच काम जिवापाड आवडतं, आनी तेच आमी त्याच्या हातातून काढून घेतलं, वर त्याला खुर्चीत बसवून बघायला लावलं. त्याच्या जागी मी असतो तं मीपन हेच केलं असतं. तू त्याला काय विचारू नको. तो आपनहून सांगेल.'" मग आपल्या आवाजात म्हणाला, "म्हणून मी काय विचारलं नाही. वाट बघत होतो."

मला हलकं वाटायला हवं होतं. माफी मिळाली होती, तीही कधीची. पण माझ्या मनात आलं ते दुसरंच. बाबा माझ्याशी जन्मभर दोन-दोन शब्दांत बोलले. माझ्याविषयी त्यांच्या मनात एवढं बोलणं होतं, ते त्यांनी एकदा मोठ्यानं बोलूनही दाखवलं, आणि ऐकायला मी नव्हतो, विल्सन होता. मला माफ केलं तेही त्याच्याजवळ. पंचवीस वर्षं ते त्याच्याकडे होतं.

विल्सन उठून कपडे झटकत होता. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"परत सांग," मी म्हटलं. "ते बोलले तसंच सांग."